एका कान्याचं अंतर

ऑफिसात नवीन माणूस आला की चहाच्या मशीनपाशी त्याचा इंटरव्ह्यू होतो. एचआरने घेतलेल्या इंटरव्ह्यूपेक्षा हा जास्त सीरियस. त्यातला पहिला प्रश्न ठरलेला : "गाव कुठलं?"

मी सांगतो, "कारंजा."

यावर दोन प्रकारच्या रिअ‍ॅक्शन्स येतात. समोरचा विदर्भातला असेल तर लगेच क्रॉस करतो, "लाड की घाडगे?" कारण वर्धा जिल्ह्यातही एक कारंजा आहे, कारंजा घाडगे. माझं ते वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा लाड. समोरचा मुंबईचा, त्यातून अलिबागला वीकेंड मारणारा असेल तर मात्र त्याचे डोळे लकाकतात. "अरे वा! म्हणजे रेवसच्या समोरचं ना? मजा आहे बुवा तुमची. समुद्र दारात, मासे ताटात!"

आता या भल्या माणसाला काय सांगायचं? आमच्या कारंजाहून जवळात जवळचा समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिकडे कोणाला "समुद्र पाहिलास का?" विचारलं तर उत्तर येईल, "समुद्र कायचा बापा, इथं उन्हाळ्यात नदीत पाणी नाही राहत!"

गंमत सगळी इंग्रजी स्पेलिंगची आहे. इंग्रजीत दोन्ही गावं डिट्टो सारखी लिहितात. मराठीत मात्र फरक आहे, एका कान्याचा. आमचं कारंजा, त्यांचं करंजा. उरण तालुक्यातलं, धरमतरच्या खाडीच्या तोंडावरचं, अरबी समुद्राला खेटून असलेलं कोळ्यांचं छोटंसं गाव. मुंबईहून जेमतेम दीड-दोन तासांवर. आणि तरीही तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ते फक्त लाँचच्या कठड्याला टेकून, हातात वेफर्सचं पाकीट धरून, लांबून पाहिलेलं असेल. बाकीच्या निम्म्यांनी तेवढंही नाही.

आज त्याच काना नसलेल्या गावाबद्दल.

पण त्याआधी दोन मिनिटं माझ्या गावाला द्या. अभिमानाचा प्रश्न आहे, शिवाय पुढे त्याचं काम पडणार आहे. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे दत्तभक्तांना ते पाठ असतं. जैनांची जुनी मंदिरं, हस्तलिखितांचा ठेवा, गावाभोवतीच्या जुन्या वेशी आणि बाजूला सोहोळचं काळवीट अभयारण्य. करंज ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात. पण गाव श्रीमंत झालं ते कापसावर. हा कापूस न्यायलाच मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज लाइन टाकली गेली. तीच ती शकुंतला. किलिक-निक्सन नावाच्या ब्रिटिश कंपनीची गाडी. कापूस आमच्या गावातून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाइनने मुंबईच्या गोदीत, आणि गोदीतून जहाजाने मँचेस्टरला. शकुंतलेला ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच बनलेलं! १९९४ पर्यंत ते बिचारं धापा टाकत होतं. मग डिझेल आलं, आणि नंतर गाडीच बंद पडली.

म्हणजे समुद्र आम्ही पाहिला नसला तरी आमचा कापूस शंभर वर्षांपूर्वीच पाहून आला होता. आणि मुंबई बंदरात शिरणाऱ्या-निघणाऱ्या त्या जहाजांकडे पलीकडच्या काठावरून कोण बघत होतं? करंजाचे कोळी. एवढं नातं पुरे आहे, नाही का?

तर आता जाऊया करंजाला.

पूर्वी उरणला जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची, नाहीतर कंटेनरच्या ट्रेलरमागे रांगत एसटीने जायचं. १२ जानेवारी २०२४ रोजी दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. शिवडीहून पलीकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, आणि लोकल ट्रेन थेट उरणपर्यंत पोहोचली. सेतूचे फोटो सगळ्यांनी फेसबुकवर टाकले, लोकलचे कोणी टाकले नाहीत. पण माझं ऐका, लोकलनेच जा. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची गाडी पकडायची. खिडकीतून एका बाजूला खाडी, तिवरं, पाणथळीत उभे असलेले पक्षी आणि दुसऱ्या बाजूला रचून ठेवलेले रंगीबेरंगी कंटेनर, एखाद्या पोराने लेगो पसरून ठेवावं तसे. थंडीत गेलात तर फ्लेमिंगोही दिसतील. उरणला उतरायचं, रिक्षा करायची, "करंजा" म्हणायचं. काना न लावता!

रिक्षात बसल्यावर उजवीकडे-डावीकडे जो डोंगर तुमच्याबरोबर फिरत राहतो तो द्रोणागिरी. हनुमान संजीवनीचा डोंगर घेऊन लंकेकडे निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला अशी कथा आहे. डोंगरावर जुना किल्ला आहे, करंजाच्या बाजूला द्रोणागिरी देवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. गावातला माणूस नवी होडी पाण्यात घालताना, लग्न ठरल्यावर, पोरगा दहावी पास झाल्यावर आधी इथे येणार.

आता जरा इतिहास, पण शाळेसारखा नाही. पोर्तुगीजांच्या काळात हे सगळं उरणचं बेटच 'करंजा' या नावाने ओळखलं जायचं. मुंबई बंदरात कोण येतं, कोण जातं यावर नजर ठेवायची असेल तर हा डोंगर हातात पाहिजे. म्हणून पोर्तुगीज आले. त्यांच्याकडून मराठ्यांनी घेतलं. १७७४ मध्ये साष्टीबरोबर हेही इंग्रजांनी गिळलं. पुढे पुण्याचा दरबार आणि इंग्रज यांच्यात आठ वर्षं जो काही तहांचा आणि लढायांचा खेळ चालला, त्यात दर वेळी टेबलावर करंजा होतंच. १७८२ च्या सालबाईच्या तहात शेवटी ठरलं की साष्टी, घारापुरी, करंजा आणि हॉग बेट इंग्रजांकडे राहणार. एवढंसं गाव, आणि त्याचं नाव इंग्रजांच्या आणि पेशव्यांच्या तहनाम्यात! आपल्या सोसायटीच्या ओसी सर्टिफिकेटवर आपलं नाव नीट येत नाही.

याच तालुक्यात घारापुरी. हो, एलिफंटा केव्ह्ज उरण तालुक्यात येतात. १९८७ पासून जागतिक वारसा, रोज पर्यटकांच्या बोटी, समोर मुंबईचा झगमगाट. तरी त्या बेटावर कायमची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडलं. आणि याच तालुक्यात चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण हुतात्मा झाले. या भागातल्या लोकांना सरकारशी भांडायची सवय जुनी आहे. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

पण आधी धक्क्यावर जाऊ.

सकाळी लवकर पोहोचलात तर करंजाचा धक्का म्हणजे आपल्या चर्चगेट स्टेशनसारखा. फक्त लॅपटॉप बॅगांच्या जागी पाट्या आणि बर्फ. बोटी रंगवलेल्या, प्रत्येकीचं नाव देवाचं नाहीतर घरातल्या लेकीचं. बोटीचा मालक तो नाखवा, बोट चालवणारा तो तांडेल, बाकीचे खलाशी. आपल्याकडच्या हायरार्कीपेक्षा सरळ हिशेब. मासा उतरला की तो पुरुषांच्या हातातून सुटतो आणि बायकांच्या हातात जातो. भाव करायचा, पैसे मोजायचे, उधारी लक्षात ठेवायची हे सगळं त्यांचं डिपार्टमेंट. आणि त्यांच्याशी घासाघीस करायला जाल तर सांगून ठेवतो, हराल.

मी एका मावशींना विचारलं, "आज मासे कमी दिसतात?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. "भांग हाय ना," म्हणाल्या.

मला आधी वेगळाच भांग वाटला! मग बाजूच्या तांडेलांनी नीट समजावलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, तो भांग. इथली जुनी मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे तोंड मोठं आणि शेपूट निमुळतं असलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते पाण्यात बांधून ठेवायचं, बोटीने ओढायचं नाही. प्रवाहाबरोबर जो बोंबील, जवळा, कोळंबी वाहत येईल तो त्यात शिरतो. म्हणजे पाण्याने काम केलं तर जाळ्याने काम केलं. प्रवाह मंद तर जाळं रिकामं. आपला वीकेंड शनिवार-रविवारी येतो, डोलवाल्यांचा भांगात.

मग त्यांनी मला भरतीचा हिशेब शिकवला. तुम्हालाही सांगतो, फुकट आहे, कुठलंही अ‍ॅप लागत नाही. कालनिर्णयमध्ये तिथी बघायची. तिला पाऊणने गुणायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळीही सहाच्या सुमाराला पाणी काठोकाठ. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, पण पुढच्या वेळी काशिदला किंवा गुहागरला ग्रुपसोबत जाल तेव्हा हा हिशेब करून दाखवा. इम्प्रेशन पडतं, अनुभवाने सांगतो.

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा हंगाम, वर समुद्र खवळलेला. या दिवसांत गाव जाळी विणतं, इंजिनं खोलतं, बोटी रंगवतं. आणि ऑगस्ट लागला की डिझेल, बर्फ, किराणा भरून बोटी सुटतात. बोंबील मात्र उन्हाळ्याआधी बघायला जावं. बांबूंना बांधलेल्या दोरांवर जोडी-जोडीने लटकलेले हजारो बोंबील, वाऱ्यावर हलताना. वास येतो, हो. परफ्यूमचा येत नाही. पण दहा मिनिटांत नाक अ‍ॅडजस्ट होतं. मुंबईच्या लोकलमध्ये होतं तसंच.

आता लाँच. करंजाहून समोर रेवस. मधे धरमतरची खाडी. तिकीट काढायचं, फळीवरून आत उडी मारायची, पंधरा मिनिटांत पलीकडे. पलीकडे म्हणजे अलिबाग तालुका! रस्त्याने जायचं तर पेण-वडखळ करत एवढा मोठा वळसा की दीड-दोन तास गेलेच, आणि वडखळच्या ट्रॅफिकने ठरवलं तर तीन. लाँचमध्ये कोण असतं? अलिबागकडची भाजी घेऊन उरणच्या बाजाराला निघालेल्या बायका, सासरहून माहेरी निघालेली मुलगी, कंपनीत शिफ्टला जाणारे, मोटारसायकल आडवी करून चढवलेला एखादा पोरगा. मांडव्याला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली. आपली गाडी घेऊन, एसीत बसून जायची सोय झाली. तेव्हापासून वीकेंडवाले इकडे फिरकतच नाहीत. करंजा-रेवसची लाँच राहिली ती गरजवंतांची.

आणि इथेही आता पूल येतोय. रेवस-करंजा पूल ही काही नवी बातमी नाही. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते ८२ च्या काळात, तेव्हापासून लोक ऐकत आलेत. कोकणच्या किनाऱ्याने रेवसपासून रेडीपर्यंत रस्ता जायचा आणि त्याचं पहिलं पाऊल म्हणजे हा पूल. चाळीस वर्षांत गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं झाली, पूल कागदावरच. आता मात्र गाडी पुढे सरकली आहे. रस्ते विकास महामंडळाने २०२४ मध्ये काम कंत्राटदाराला दिलं. खाडीवर साधारण दोन किलोमीटरचा पूल झाला की अटल सेतूवरून उतरायचं, उरणला वळायचं, करंजाचा पूल आणि थेट अलिबाग. तुमच्या बॉसचं फार्महाऊस एकदम जवळ.

मी लाँचवर एका काकांना विचारलं, पूल झाला की तुमचं काय? ते म्हणाले, "दवाखान्यात न्यायचं असलं की रात्री लाँच नसते. पूल पाहिजेच." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "पण मग करंजाला थांबेल कोण?"

मला वाटतं सगळा मुद्दा या दोन वाक्यांत आहे. आपण शहरातले लोक यातलं एकच वाक्य उचलतो. कोणी पहिलं उचलून म्हणतो, विकास पाहिजेच. कोणी दुसरं उचलून म्हणतो, छे, गावाचं गावपण जाणार, पूल नकोच. दोन्ही म्हणणारे रात्री आपापल्या फ्लॅटमध्ये झोपतात, खाली अ‍ॅम्ब्युलन्स येते. काकांना मात्र दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

आणि त्यांना ही शंका यावी याला कारण आहे. करंजाच्या आजूबाजूला नजर टाका. एका अंगाला नौदलाचा शस्त्रसाठ्याचा डेपो. डोंगराच्या पलीकडे ओएनजीसीचा प्रकल्प, मुंबई हायचं तेल आणि गॅस जिथे येतो तो. ३ सप्टेंबर २०१९ ला तिथे आग लागून चार जण गेले. बोकडविऱ्याला गॅसवर चालणारं वीज केंद्र. आणि सगळ्यात मोठं म्हणजे न्हावा-शेवाचं बंदर, २६ मे १९८९ ला सुरू झालेलं जेएनपीटी. २०२४-२५ या एका वर्षात तिथून सत्तर लाखांहून जास्त कंटेनर हलले, वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात. तुमचा मोबाइल, तुमचे स्नीकर्स, ऑफिसातली खुर्ची, यातलं काहीतरी नक्की या वाटेने आलंय.

हे सगळं जमिनीवर उभं राहिलं. ती जमीन कोणाची तरी होती. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावं घेतली गेली. भाताची शेतं, मिठागरं, खाडी. भाव पटला नाही म्हणून लोक दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण मेले. ज्या साडेबारा टक्के जमीन परत देण्याच्या योजनेवर आज नवी मुंबईतले कितीतरी टॉवर उभे आहेत, ती योजना या लढ्यातून आली. आपण त्या टॉवरमध्ये टू बीएचके बघायला जातो तेव्हा सेल्सवाली मुलगी क्लबहाऊस दाखवते, जिम दाखवते. हे काही ब्रोशरमध्ये नसतं.

शेतकऱ्याला निदान सातबारा दाखवता येतो. कोळ्याने काय दाखवायचं? खाडीचा सातबारा नसतो. भराव पडला, तिवरं गेली, जहाजांसाठी चॅनेल खोल झालं, पाण्याचा प्रवाह बदलला, आणि मासा निघून गेला. त्याची भरपाई मागायची तर आधी सिद्ध करा की मासा तुमचा होता! शेवा गावातून बंदरासाठी हलवलेल्या हनुमान कोळीवाड्याला नव्या जागेत वाळवीने पोखरलेल्या घरांत वर्षानुवर्षं राहावं लागलं. शेवटी उरण आणि पनवेलच्या चार कोळीवाड्यांचं म्हणणं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ऐकलं आणि १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपये द्या असा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला दिला. परंपरेने मासेमारी करणाऱ्याचा खाडीवर काही हक्क लागतो, हे पैशात मोजून सांगणारा हा निकाल होता. प्रकरण नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणून काकांचा प्रश्न नुसता जुन्या आठवणींचा नाही. या टापूत प्रत्येक मोठी गोष्ट देशासाठी आली, शहरासाठी आली, आणि गावाला सांगितलं गेलं की तुमचंही भलं होईल. काहींचं झालंही. नोकऱ्या मिळाल्या, पक्की घरं झाली, पोरं इंजिनीअर झाली. पण ठरवताना गावाला विचारलं कितीदा? करंजालाच बघा. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरची बोटींची गर्दी कमी व्हावी म्हणून इथे मोठं मच्छीमार बंदर बांधायला घेतलं. कल्पना उत्तम. काम मात्र बरीच वर्षं रेंगाळलं. कंटेनरचं बंदर वेळेत होतं, मासळीचं रेंगाळतं. हा योगायोग असेल, पण असे योगायोग कोळ्यांच्याच वाट्याला जरा जास्त येतात.

आणि आता माझ्या गावाचं काम पडतं म्हणालो होतो ते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. हा रस्ता कारंजा लाडवरून जातो. त्याचं एक कारण स्पष्ट सांगितलं गेलं होतं : विदर्भातला माल जेएनपीटीला लवकर पोहोचावा. म्हणजे काना असलेल्या गावाच्या बाजूने निघालेला ट्रक काना नसलेल्या गावाच्या शेजारी येऊन रिकामा होणार. शकुंतलेने जे काम तीन फुटांहूनही अरुंद रुळांवर केलं ते आता सहा लेनवर होतं.

या दोन्ही गावांत एक गोष्ट सेम आहे. दोन्ही आता 'ऑन द वे' आहेत. आमच्या गावाकडचे दुकानदार सांगतात, पूर्वी गाड्या स्टँडपाशी थांबायच्या, माणसं चहा प्यायची, दर्शनाला जायची. आता गाडी एकशे वीसने वरून निघून जाते, फलकावर नाव वाचायलाही कोणाला सवड नसते. उद्या करंजाच्या पुलावरून तुम्ही एकशेवीसने नाही, पण ऐंशीने जालच. खाली होड्या दिसतील. मागच्या सीटवरचं कोणीतरी "सो क्यूट" म्हणेल. पुढचं वाक्य अलिबागला कुठे जेवायचं याबद्दल असेल.

वाटेत लागणारं गाव हे नुसती वाट नसतं एवढंच मला म्हणायचंय. तिथे माणसं राहतात, त्यांचा धंदा असतो, तिथीवर चालणारं घड्याळ असतं. आपल्या सोयीचं बिल बऱ्याचदा त्यांच्या नावाने फाटतं, आणि आपल्याला त्याची कॉपीसुद्धा मिळत नाही. रस्ता नको, पूल नको असं मी म्हणणार नाही, मी स्वतः समृद्धीने दिवाळीला घरी जातो. पण पूल व्हायच्या आत एकदा तरी करंजाला उतरावं. ज्याच्यावरून आपण उद्या जाणार त्याच्याशी निदान तोंडओळख तरी असावी.

तेव्हा प्लॅन करा. कसा ते सांगतो. गोव्याला जातो तशा मूडमध्ये जाऊ नका, इथे शॅक नाही आणि सनबेडही नाहीत. बीच हवा असेल तर उरणला पीरवाडी आहे. नौदलाच्या हद्दीजवळ कॅमेरा बाहेर काढू नका, उगाच पाहुणचार व्हायचा. बायका मासे निवडत असतील तर न विचारता फोटो काढू नका. तुमच्या क्युबिकलमध्ये येऊन कोणी तुम्ही एक्सेल भरताना फोटो काढले तर कसं वाटेल? सुकी मासळी तिथूनच घ्या, पिशवी डबल घ्या, आणि परत येताना लोकलमध्ये दाराशी उभे राहा. भाव करायचाच असेल तर एकदा करा, दुसऱ्यांदा नको. पाचशे रुपयांचं कॉकटेल बिनतक्रार पिणाऱ्याने सुकटीच्या वाट्यावर दहा रुपयांसाठी भांडू नये.

लाँचने रेवसला जा आणि त्याच लाँचने परत या. पलीकडे काम नसलं तरी चालेल. मधे खाडीत एक क्षण येतो, इंजिनाचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. एका बाजूला द्रोणागिरी, दुसऱ्या बाजूला अलिबागचे डोंगर, आणि समोर समुद्राचं मोकळं तोंड. एखादी डोलवाल्यांची होडी बाजूने जाते, त्यातला एकजण हात करतो. आपणही करायचा.

जायच्या आधी कालनिर्णय मात्र नक्की बघा. उधाणाचे दिवस धरून गेलात तर धक्का भरलेला दिसेल. भांगात गेलात तर मासे कमी मिळतील, पण मावशींना तुमच्याशी बोलायला वेळ असेल. त्या तुमचं गाव विचारतील. मी आपलं गाव सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या होत्या, "म्हणजे आमच्यातलेच की तुम्ही!"

एका कान्यासाठी मी काही वाद घातला नाही.